ब्राउझर गेला, दप्तराचे काय? (थ्रेड)

१/
"काढून टाक आणि पुन्हा टाक." संगणकावरचा ब्राउझर अडखळू लागला की आपल्याकडे हाच उपाय सांगितला जातो. मीही तो केला आणि लघुप्रबंधासाठी आठ महिने जमवलेले संदर्भ एका क्लिकने घालवून बसलो. ब्राउझर पूर्णपणे काढणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाला स्वतःचा एक इतिहास आहे. १८१८ चे पुणे, १९९७ चे वॉशिंग्टन आणि आमचा वाशीम जिल्हा, अशा तीन ठिकाणांवरून तो सांगतो. शेवटी माझे मतही मांडतो.

२/
घडले ते असे. दिवाळीच्या सुट्टीत मी शिरपूर जैनला, म्हणजे मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी, घरी आलो होतो. घरातला डेस्कटॉप जुना. क्रोम उघडले की कोपऱ्यातून जाहिराती उसळत, मुखपृष्ठ आपोआप बदललेले असे. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, एकदाचा काढून टाक ना." मी काढला, नवा उतरवून घेतला, उघडला. जाहिराती तशाच होत्या. माझे बुकमार्कही तसेच होते. ही दुसरी गोष्ट पाहून मला शंका यायला हवी होती, ती आली नाही.

३/
दुसऱ्यांदा काढताना खिडकीत एक लहानशी चौकट दिसली. ब्राउझिंग डेटाही हटवायचा का, असे तीत विचारले होते. वैतागाच्या भरात मी तिथे खूण केली. जाहिराती गेल्या. त्यांच्याबरोबर वऱ्हाडच्या जुन्या गॅझेटिअरांच्या पानापानांवर लावलेले बुकमार्कही गेले. प्रत्येकाच्या नावात मी दोन ओळींचे टिपण लिहून ठेवले होते. संगणक घरातल्या सर्वांचा, म्हणून खाते जोडून सिंक करणे मी मुद्दाम टाळले होते. त्यामुळे दुसरी प्रत कुठेच नव्हती.

४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशी चूक करावी हे मला अधिक लागले. कारण ब्राउझर ही एक वस्तू नसून दोन आहेत. एक प्रोग्राम, जो कंपनीने बनवला आणि कधीही पुन्हा फुकट मिळतो. दुसरी प्रोफाइल, जी आपण घडवतो: बुकमार्क, भेट दिलेल्या पानांची नोंद, साठवलेले पासवर्ड, एक्स्टेन्शन, कोणत्या संकेतस्थळाला कसली परवानगी दिली याची यादी. दोघांच्या जागा वेगळ्या आणि आयुष्यही वेगळे. प्रोग्राम काढला तरी प्रोफाइल बहुधा तिथेच राहते. माझ्या जाहिरातींचे मूळ प्रोफाइलमध्ये होते. म्हणून पहिल्या खेपेस काहीच बदलले नाही.

५/
आता १८१८ कडे जाऊ. त्या वर्षी पेशवाई संपली. सत्तेचे चिन्ह गेले, कारभारी गेले. दप्तर मात्र राहिले. जमाखर्च, इनामांच्या सनदा, सरंजामाच्या नोंदी, पत्रव्यवहार, असे मोडीतले हजारो रुमाल कंपनी सरकारच्या ताब्यात आले. राज्य ही चालवण्याची व्यवस्था होती आणि दप्तर ही त्या व्यवस्थेची स्मृती होती. पहिली नाहीशी झाली म्हणून दुसरी नाहीशी होत नाही.

६/
त्या दप्तराचे पुढे काय झाले? दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. कमिशनने याच जुन्या कागदांच्या आधारे इनामदारांचे हक्क तपासले. कित्येकांची इनामे खालसा झाली. जे कागद एका राज्याने आपल्या कारभारासाठी लिहिले, तेच दुसऱ्या राज्याच्या हातात हत्यार झाले. लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात हा वाचक कधीच नव्हता.

७/
दुसरी गोष्ट सुखाची आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात याच पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास आजही त्यांच्यावाचून होत नाही. १८१८ साली कुणी 'सगळे साफ करा' म्हणून रुमाल जाळले असते, तर इनामदारांचे कदाचित भले झाले असते, पण आपला इतिहास गेला असता.

८/
म्हणजे मागे राहिलेले दप्तर धोक्याचेही असते आणि मोलाचेही. ते ठेवायचे की नष्ट करायचे याचे सरसकट उत्तर नसते. मात्र दप्तर मागे राहिले आहे हे माहीतच नसणे, हे दोन्ही बाजूंनी महाग पडते. संगणकावर आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती नेमकी हीच आहे. ज्याला पुसायचे आहे त्याचे राहते, आणि ज्याला ठेवायचे आहे त्याचे पुसले जाते.

९/
इथे कुणी विचारेल, काढणे म्हणजे काढणे, त्यात एवढा खल कशाला? मित्रहो, हा खल प्रत्यक्ष न्यायालयात झालेला आहे. थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९९५ चा ऑगस्ट महिना. ९ तारखेला नेटस्केप या ब्राउझर कंपनीचे समभाग अमेरिकेच्या बाजारात आले आणि एका दिवसात गाजले. १५ तारखेला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. २४ तारखेला विंडोज ९५ बाजारात आले. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझरही याच महिन्यातला.

१०/
पुढच्या दोन वर्षांत मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजबरोबरच द्यायला सुरुवात केली. अमेरिकी सरकारने हरकत घेतली. ११ डिसेंबर १९९७ रोजी न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी अंतरिम आदेश दिला की विंडोजसोबत ब्राउझर घेण्याची सक्ती संगणक बनवणाऱ्यांवर करू नये. कंपनीचे म्हणणे असे की ब्राउझर हा विंडोजचाच अवयव आहे आणि तो काढला तर विंडोज चालणार नाही.

११/
तेव्हा न्यायाधीशांनी एक साधा प्रयोग करवून घेतला. एका तंत्रज्ञाने विंडोजमधल्याच सोयीने ब्राउझर काढला. दीड मिनिटही लागले नाही आणि संगणक व्यवस्थित चालला. कंपनीने उत्तर दिले की याने केवळ दर्शनी भाग गेला, आतल्या बहुतेक फाइली तशाच आहेत. गंमत पाहा. 'काढला' म्हणणारेही बरोबर होते आणि 'काढलेला नाही' म्हणणारेही. दोघांच्या मनात 'काढणे' या क्रियापदाचा अर्थ वेगळा होता.

१२/
मे १९९८ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने अनेक राज्यांसह मोठा खटला भरला. प्रिन्स्टनचे संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फेल्टन यांनी विंडोज ९८ मधून ब्राउझर दूर करणारा एक प्रोग्रामच न्यायालयापुढे ठेवला. त्याला खोडण्यासाठी कंपनीने दाखवलेल्या चित्रफितीत विसंगती सापडल्या आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये तिची साक्ष अडचणीत आली. जून २००० मध्ये कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश निघाला.

१३/
जून २००१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने विभाजनाचा तो आदेश रद्द केला. पण एक मुद्दा कायम ठेवला, आणि तो आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातला आहे. विंडोज ९८ मध्ये प्रोग्राम जोडण्या-काढण्याच्या यादीतून इंटरनेट एक्स्प्लोररचे नाव वगळणे हे स्पर्धा मारणारे कृत्य आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. 'अनइन्स्टॉल' ही क्षुल्लक वाटणारी सोय नागरिकाच्या निवडीशी जोडलेली आहे, हे त्या दिवशी कायद्याच्या भाषेत नोंदले गेले.

१४/
युरोपने पुढचे पाऊल टाकले. मार्च २०१० पासून तिथल्या विंडोजवर ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवला जाऊ लागला. मधल्या काळात काही संगणकांवर तो दिसेनासा झाला, म्हणून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. २०२४ मध्ये डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे तिथल्या लोकांना विंडोजमधला एज ब्राउझरही नेहमीच्या मार्गाने काढता येऊ लागला. शिरपूरच्या संगणकावर मात्र एजच्या समोरचे तेच बटण निष्प्रभ असते. यंत्रणा तीच, फक्त कायदा वेगळा.

१५/
आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि आधीच टाकलेली ॲप काढण्यास अटकाव करू नये असेही बजावले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु ॲप काढण्याविषयीचा निर्देश रद्द केला. प्रकरण मोबाइलचे होते, तरी प्रश्न तोच: जे मी आणले नाही, ते घालवण्याचा अधिकार मला आहे की नाही?

१६/
काढण्याचे झाले. आता पुन्हा टाकण्याचे. यासाठी दूर जायला नको. विंडोज ९८ बाजारात आले २५ जून १९९८ ला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यापासून वेगळा होऊन आमचा वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीमकर त्याला नवा जिल्हा म्हणतात. इतिहासाच्या वाचकाने त्याला 'पुन्हा टाकलेला' जिल्हा म्हणायला हरकत नाही.

१७/
कारण इंग्रजी अमदानीत वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांपैकी बासीम हा एक होता. बासीम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. १९०५ मध्ये फेररचना झाली आणि तो मोडण्यात आला. बासीम व मंगरूळ अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेले. त्र्याण्णव वर्षांनी वाशीम पुन्हा जिल्हा झाला, पण पुसद परत आले नाही. ते आजही यवतमाळ जिल्ह्यात आहे.

१८/
पुन्हा टाकणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे, हे समजावायला याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही. नाव तेच परत येते, मुख्यालय तेच परत येते. मधल्या काळात जे दुसरीकडे गेले ते आपोआप परत येत नाही. क्रोमचे गोल चिन्ह माझ्या पडद्यावर तसेच परतले, माझे पुसद मात्र गेले ते गेलेच.

१९/
आता माझे मत. ब्राउझर पूर्णपणे काढणे हे तांत्रिक काम आहे असे आपण समजतो. मुळात तो दप्तराविषयीचा निर्णय आहे, आणि दप्तराचा निर्णय दप्तर उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. ब्राउझर बिघडला की पहिली कृती काढण्याची नसावी. क्रोममध्ये एक नवी, कोरी प्रोफाइल तयार करून पाहावी. तिथे त्रास नसेल तर प्रोग्राम निर्दोष आहे आणि खोट जुन्या प्रोफाइलमध्ये आहे. मग एक्स्टेन्शन एकेक करून बंद करावीत, संकेतस्थळांना दिलेल्या अधिसूचनांच्या परवानग्या तपासाव्यात. माझे काम तेवढ्यानेच भागले असते.

२०/
फायरफॉक्समध्ये 'रिफ्रेश फायरफॉक्स' अशी सोय आहे. ती बुकमार्क आणि पासवर्ड राखते, एक्स्टेन्शन काढते आणि जुन्या सामग्रीचे फोल्डर डेस्कटॉपवर ठेवून देते. जुने दप्तर जाळण्याऐवजी रुमालात बांधून बाजूला ठेवण्याची ही पद्धत मला फार सुज्ञ वाटते.

२१/
तरीही काढायचेच असेल तर आधी नक्कल. बुकमार्क मॅनेजरमधून बुकमार्क एका फाइलीत निर्यात करता येतात. पासवर्डही निर्यात होतात, मात्र ती फाइल उघड्या मजकुराची असते. ज्याच्या हाती पडेल तो वाचू शकतो. काम झाले की ती नष्ट करावी. क्रोमचे फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेले म्हणजे पासवर्ड येतील, या भरवशावर राहू नये. ते त्या संगणकावरच्या विंडोज खात्याच्या कुलपात बंद असतात.

२२/
मग क्रम असा. ब्राउझरच्या सर्व खिडक्या बंद कराव्यात. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स या वाटेने जाऊन ब्राउझर काढावा. त्यानंतर मागे काय राहिले ते पाहावे. युजर्समध्ये आपल्या नावाच्या फोल्डरात 'ॲपडेटा' हे फोल्डर असते. ते लपवलेले असते, फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूतून 'हिडन आयटम्स' सुरू केले की दिसते. क्रोमचे दप्तर त्यातल्या लोकल, गूगल, क्रोम, युजर डेटा इथे असते. फायरफॉक्सचे रोमिंग, मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स इथे. हे फोल्डर हटवले, तरच त्या संगणकावरून ब्राउझर पूर्णपणे गेला असे म्हणावे. नवा टाकताना तो मूळ कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा.

२३/
आणि हे दुसऱ्याच्या संगणकावर विसरू नये. गावोगावी फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रांत एकाच ब्राउझरवर साऱ्या गावाची खाती उघडली जातात. तिथे 'आम्ही ब्राउझर काढून नवा टाकलाय' एवढ्या शब्दावर निर्धास्त होऊ नये. प्रोफाइल तशीच असेल तर पुढच्या माणसाला मागच्याचे दप्तर आयते मिळते. इनाम कमिशनची गोष्ट इथे आठवावी. अशा ठिकाणी गुप्त खिडकीत काम करावे आणि उठण्यापूर्वी लॉग आउट व्हावे.

२४/
यावर आक्षेप येईल की सिंक चालू ठेवा, सारे खात्यात सुरक्षित राहते. आक्षेप बराचसा खरा आहे. माझे बुकमार्क वाचलेही असते. पण त्याचा अर्थ एवढाच की दप्तर आपल्या वाड्यातून दुसऱ्याच्या वाड्यात गेले. मग संगणकावरून कितीही स्वच्छ काढले तरी खात्यातली प्रत उरतेच. ती वेगळी जाऊन पुसावी लागते. उलटपक्षी, सिंक चालू असताना नोंदी पुसल्या तर त्या इतर उपकरणांवरूनही जाऊ शकतात. सोय घ्यावी, पण दप्तर कुठे आहे ते माहीत असावे.

२५/
आणखी एक गोष्ट खास आपल्या क्षेत्राची. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीतली अनेक संकेतस्थळे आपापल्या खास फाँटमध्ये लिहिली जात. काहींचे फाँट इंटरनेट एक्स्प्लोररलाच आपोआप उतरवता येत. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरच्या त्या ब्राउझरला निरोप दिला. एजमधला 'आयई मोड' किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचे आश्वासन आहे. जुन्या काळी साठवलेले मराठी पान आज उघडले तर रोमन अक्षरांचा काला दिसतो. कागद आहे, पण लिपी वाचणारा नाही, अशी मोडीसारखी गत. अशी पाने कुणाकडे असतील तर ती वाचणारे साधन काढण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवावा. हे काम आपल्याच पिढीला करावे लागेल.

२६/
माझे बुकमार्क मी पुन्हा जमवतो आहे. गॅझेटिअर जागेवरच आहेत, पण कोणत्या पानावर मी का थांबलो होतो, ते टिपण परत मिळणार नाही. इतिहासात साधने हरवली की आपण शत्रूला, आगीला, वाळवीला दोष देतो. इथे यांपैकी कुणीच नव्हते. एक प्रश्न विचारला गेला होता आणि मी तो न वाचता होकार दिला होता.

२७/
म्हणून विनंती एकच. आज संगणकावर बसलात तर प्रोफाइलचे फोल्डर एकदा शोधून पाहा आणि बुकमार्कची एक नक्कल काढून ठेवा. पाच मिनिटांचे काम आहे. आणि ज्यांच्याकडे जुन्या फाँटमधली मराठी पाने साठवलेली असतील, त्यांनी खाली जरूर लिहावे. आपण मिळून ती वाचू. थ्रेड समाप्त.